एनव्हिडियाचा ड्रायव्हर: उबुंटूत आणि फेडोरात

लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर ते चालवणाऱ्या ड्रायव्हरमुळे उबुंटू आणि फेडोरा या दोन लिनक्समधला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

उबुंटू इन्स्टॉल करतानाच विचारतं: ग्राफिक्ससाठी थर्ड-पार्टी सॉफ्टवेअर हवं का? टिक केली की काम झालं. 2019 च्या 19.10 आवृत्तीपासून एनव्हिडियाचा ड्रायव्हर आयएसओतच (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्येच) येऊ लागला, म्हणजे नेट नसलं तरी अडत नाही. शिवाय कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा लिनक्सच्या गाभ्यात जोडला जाणारा भाग, उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने आधीच सही केलेलं मिळू शकतं, त्यामुळे सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सुरक्षा) सहसा आडवं येत नाही.

फेडोरा सुरुवात करतं ती नूवो या मुक्त ड्रायव्हरवर. एनव्हिडियाचा हवा असेल तर थर्ड-पार्टी रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं बाहेरचं भांडार) आपण चालू करायची. मग मॉड्यूल तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं, म्हणजे कोडपासून तयार होतं, आणि घाई नडते ती इथेच. टर्मिनलवर काम संपल्याचं दिसतं, पण मागे कंपाइल चालूच असतं. पाचेक मिनिटं थांबा, मगच रीबूट करा. नाहीतर ड्रायव्हर लोड होईलच असं नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवरच्या सहीची किल्ली (एमओके) रीबूटआधी पासवर्ड ठरवून नोंदवायला द्यायची, आणि रीबूटनंतर निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. ही पायरी सुटली की सगळी मेहनत वाया. 2024 च्या फेडोरा 41 पासून जीनोम सॉफ्टवेअर हे फेडोरातलं ॲप-स्टोअर ही सगळी कामं बरीच सोपी करून देतं.

घरातल्या कुणाला पहिल्यांदा लिनक्स द्यायचं असेल, तर मी उबुंटूच देईन. स्वतःच्या मशीनवर मात्र मला फेडोरा आवडतं: बंद स्रोताचं (कोड उघड नसलेलं) काय आणि कधी आत आलं, ते मला नेमकं ठाऊक असतं.