हॅलोजन की एलईडी? हौशी संस्थेने दिवे ठरवताना

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये गणपतीत एकांकिका करायची असेल, तर फार विचार करू नका, एलईडी घ्या. तिथे भिंतीत १५ अँपियरचं एक सॉकेट मिळतं. २३० व्होल्टवर त्याची क्षमता साधारण ३४५० वॅट, म्हणजे हजार वॅटचे तीन पार (डब्यासारखे साधे स्टेजचे दिवे). चौथा लावला की एमसीबी कधीही पडू शकतो. आमचा एकदा पडला तो नेमका नायिका रडायला लागली तेव्हा. लोकांना वाटलं ब्लॅकआउट आहे, टाळ्या वाजल्या! तेवढ्याच सॉकेटवर '५४ बाय ३' म्हणून मिळणारे एलईडी पार (३ वॅटचे ५४ एलईडी मणी, म्हणजे कागदावर एका पारला १६२ वॅट) डझनभर लावले तरी वर जागा उरते.

खरा प्रश्न पडतो तो ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात प्रयोग लागला की. तिथे लोडची चिंता नसते. मग नाटकाला काय शोभतं ते बघावं लागतं.

रंगात एलईडी सरळ पुढे आहे. हॅलोजनसमोर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलं की ते नको असलेला प्रकाश अडवतं. गडद निळ्यातून तर अगदी थोडा उजेड पुढे जातो, बाकीची सगळी उष्णता होते. दोन-चार प्रयोगांत तो कागद मधोमध पांढुरका पडतो. शिवाय एका दिव्याचा एकच रंग. एलईडीत निळी रात्र आणि केशरी पहाट एकाच पारमधून निघते, सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा) रंगाने भरून टाकायला तर याच्यासारखं काही नाही.

चेहऱ्याचं मात्र तसं नाही. स्वस्त पारमध्ये लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा डोळ्याला पांढरा दिसतो, पण त्यात पिवळ्या-अंबर पट्ट्यातला प्रकाश फारच कमी असतो. आपली गव्हाळ त्वचा त्यात मातकट दिसते, हळदीच्या रंगाची साडी मलूल पडते. सुटे रंगीत मणी असलेला पार असेल तर नाकाच्या सावलीला लाल-हिरव्या कडाही येतात. हॅलोजनचा ३२०० केल्विनचा उबदार प्रकाश सलग असतो, मेकअपमन त्याच हिशेबाने रंग लावत आलेत. म्हणून समोरच्या दिव्यांसाठी मी अजूनही हॅलोजन मागतो. एलईडीच हवा असेल तर फक्त वॉर्म व्हाइटचा फ्रेनेल (मऊ कडांचा झोत) किंवा प्रोफाइल (रेखीव कडांचा झोत) मागा. 'आरजीबीडब्ल्यू'मधल्या (लाल-हिरवा-निळा-पांढरा) पांढऱ्यावर विसंबू नका, तो बहुधा थंड निघतो.

दुसरी दुखरी जागा फेडची, म्हणजे प्रकाश हळूहळू विझवण्याची. शेवटच्या प्रसंगात म्हातारा खुर्चीत एकटा, प्रकाश वीस सेकंदांत विझतो. हॅलोजनची तार विझताना आधी पिवळी, मग तांबूस होते, सांज उतरल्यासारखी. साधा एलईडी २५६ पायऱ्यांनी उतरतो. वरच्या पायऱ्या कळत नाहीत, शेवटच्या पाच-सहा मात्र स्पष्ट दिसतात आणि मग फट्‌कन अंधार. १६ बिटचा (कितीतरी बारीक पायऱ्यांचा), डिमर कर्व्ह, म्हणजे उजेड उतरण्याची चाल, बदलता येणारा दिवा हे बरंच सांभाळून घेतो, पण तांबूसपणा आणायला दिवे चालवायच्या बोर्डवर वेगळं प्रोग्रॅमिंग करावंच लागतं.

बोर्डवरूनच आठवलं. हॅलोजन म्हणजे डिमरचा एक चॅनेल, एक फेडर, शाळकरी पोरगंही चालवेल. आठ चॅनेलचे बारा एलईडी म्हणजे ९६ चॅनेल. डीएमएक्सच्या (बोर्डवरून दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या पद्धतीच्या) एका लाइनवर ५१२ मावतात, पण तुमच्या २४ फेडरच्या बोर्डवर नाहीत. केबलही डीएमएक्सचीच हवी. माइकची लावून काम भागवलंत की दिवे मधूनच थरथरतात. शेवटच्या दिव्यात १२० ओमचा टर्मिनेटर (लाइन बंद करणारा छोटा प्लग) खोचा. आणि एलईडीला कधीही डिमरमधून वीज देऊ नका, थेट सप्लाय द्या.

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला व्हिडिओ पाठवायचा असेल तर तालमीतच मोबाइलवर शूट करून बघा. स्वस्त एलईडीच्या उजेडात पडद्यावर काळे पट्टे सरकतात. दिव्याच्या मेनूत पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी (एलईडीच्या उघडझापीचा वेग) असेल तर ती वाढवा. आणखी एक, प्रेक्षकांच्या जवळ टांगलेल्या दिव्याचा पंखा शांत प्रसंगात ऐकू येतो.

घाम हा मुद्दा कलाकारांना विचारा. मे महिन्यात, एसी नसलेल्या सभागृहात शालू नेसून हॅलोजनखाली दोन अंक काढणारी नटी याबाबतीत माझं अजिबात ऐकणार नाही.

विकत घेणार असाल तर हॅलोजनचे बल्ब काही शे तासांत जातात, बोट लागलं तर त्याआधीच. तेव्हा संस्थेच्या पैशातून रंगासाठी सहा-आठ एलईडी पार घ्या, ते टेम्पोशिवाय रिक्षातूनही जातात. समोरचे हॅलोजन प्रयोगापुरते भाड्याने आणा. भाड्याने देणाऱ्याच्या गोडाऊनमध्ये जाताना मात्र नायिकेची साडी आणि एक माणूस बरोबर न्या. दिवा भिंतीवर मारून दाखवतील, तो त्या माणसाच्या चेहऱ्यावर मारायला सांगा.