झोप सुधारली, पण अ‍ॅपने आधी काहीच विचारलं नाही

निद्रानाशासाठीचं एक परदेशी अ‍ॅप मी पावसाळ्यापासून वापरते आहे, वर्षाचे पैसे भरून. नाव देत नाही, कारण याच धर्तीची अ‍ॅप्स आणखीही आहेत आणि पुढचं सगळं त्यांच्याबाबतही तपासून घ्यायला हवं. आधी चांगलं सांगते. माझी झोप खरोखर सुधारली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कूस बदलत पडून राहणं थांबलं.

अ‍ॅपचा गाभा म्हणजे सीबीटी-आय, निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. ती चांगली तपासलेली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये, गोळ्यांच्या आधी हीच द्या, असं सांगितलं होतं. रोज सकाळी नोंद करायची: कधी पडलो, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली. आठ तास पडून साडेपाच तासच झोप लागत असेल, तर अ‍ॅप सुरुवातीला साधारण तेवढाच वेळ अंथरुणात राहायला देतं. पडलेल्या वेळातला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला की मग थोडा थोडा वेळ वाढतो.

पहिले काही आठवडे फार जड गेले. माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी चारच्या सुमाराला प्रिस्क्रिप्शनवरची अक्षरं पुसट दिसायची, म्हणून त्या काळात काउंटरवरून जाणारी प्रत्येक स्ट्रिप मी भावाकडून ताकदीसकट तपासून घेत होते. पद्धतच तशी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण झोप तोडल्याने बायपोलर (मन टोकाच्या उत्साहाकडून टोकाच्या उदासीकडे जाणारा आजार) असलेल्या माणसाला मॅनियाचा, म्हणजे बेभान उत्साहाचा, झटका येऊ शकतो, फिट्सचा त्रास असलेल्याला फिट येऊ शकते, आणि रात्रपाळीच्या ट्रक ड्रायव्हरला स्टिअरिंगवर डुलकी लागू शकते. अ‍ॅपने मला सुरुवातीला काय विचारलं? वय, लिंग आणि ‘तुमचं ध्येय कोणतं’. फिट येतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, गाडी चालवता का, यातलं काही नाही. लिथियम, म्हणजे बायपोलरवरचं औषध, नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मला झोपेचं अ‍ॅप सुचवायला सांगितलं, तेव्हा मी हे सुचवलं नाही. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, म्हटलं.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, त्यात हे औषध कोणी घेऊ नये ते छापलेलं असतं. अ‍ॅपलाही असा कागद लावता येतो. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर काही अ‍ॅप्स प्रिस्क्रिप्शनवर देतात आणि विमा त्यांचे पैसे भरतो. त्या सरकारी यादीत निद्रानाशाचंही अ‍ॅप आहे, आणि प्रत्येक अ‍ॅप कोणासाठी नाही तेही तिथे लिहिलेलं असतं. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती जागा मिळते, पण ठरलेल्या मुदतीत फायदा सिद्ध करावा लागतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी किंवा उपचारासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येतं. पण माझ्या अ‍ॅपच्या अटींत खाली लिहिलं आहे, ‘हे केवळ वेलनेससाठी, वैद्यकीय उपचार नव्हे’. जाहिरातीत मात्र ‘निद्रानाशावर प्रभावी’. ही पळवाट बंद व्हायला हवी. जो दावा जाहिरातीत केला, त्याच दाव्यावर अ‍ॅप तपासलं जावं.

मला सर्वात जास्त टोचलं ते वेगळंच. दर महिन्याला अ‍ॅप नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी घेतं, पीएचक्यू-९. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. अ‍ॅप काय करतं ते बघायला मी तिथे मुद्दाम ‘जवळजवळ रोज’ निवडलं. आधी श्वासाचा व्यायाम आला, मग त्याखाली ९८८ हा नंबर. ही अमेरिकेची हेल्पलाइन! खरोखर त्या अवस्थेत असलेल्या माणसाने सांगलीतून तो नंबर फिरवून काय होणार? मी लिहून कळवल्यावर बऱ्याच आठवड्यांनी तिथे १४४१६ आला. हा टेलिमानसचा, म्हणजे आपल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही. दुरुस्ती केली हे चांगलंच. पण बाजारात आणण्यापूर्वी हे कोणी तपासलंच नव्हतं.

दिवाळीच्या आसपास एका अपडेटमध्ये एआयशी गप्पा आल्या. गोळीतला घटक बदलला तर नवी मंजुरी लागते, इथे रातोरात वस्तूच बदलली. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा टेसा नावाचा बॉट २०२३ मध्ये बंद करावा लागला, कारण तो त्याच रुग्णांना वजन कमी करण्याचे सल्ले देत होता. मुळात ठरावीक उत्तरं देणाऱ्या त्या बॉटला मधे जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतःच नवी उत्तरं रचणारं एआय, जोडलं गेलं होतं. आपल्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे की रुग्णाला सल्ला किंवा औषध एआयने द्यायचं नाही, ते नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचं. मी गप्पा बंद करून ठेवल्या आहेत. ते बटण सेटिंगमध्ये तीन पानं आत आहे.

आणि अपाय झालाच तर कळवायचं कुठे? औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो, दुकानात मी तो नंबर भिंतीवर लावला आहे. वैद्यकीय उपकरणांसाठीही अशी नोंद २०१५ पासून होते. ‘वेलनेस’ अ‍ॅपमध्ये मला मिळाले ते पाच तारे आणि एक सपोर्टचा ईमेल. ज्याला मॅनिया झाला आणि ज्याने अ‍ॅप काढून टाकलं, त्याचा तारा या रेटिंगमध्ये कुठेच नाही.

पुढच्या वर्षाचे पैसे मी भरणार नाही. झोपेची नोंद आता वहीत करते, पद्धत अंगवळणी पडली आहे. दुसरा कुठलाही आजार नाही, रात्रीची गाडी चालवत नाही, आणि नुसतीच झोप लागत नाही, अशांनी हे अ‍ॅप जरूर वापरून बघावं. फिट्स, बायपोलर किंवा मानसिक आजाराची कोणतीही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय झोपेचे तास कमी करू नका, अ‍ॅपने कितीही आग्रह केला तरी.