विहिरीच्या पाण्याची दोनदा तपासणी करणारी प्रयोगशाळा: चार स्टार, पाचवा राखून ठेवलाय

बेळगावातल्या वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याकाठी आमचं सव्वा एकर भात आणि सासऱ्यांनी खणलेली विहीर. नाल्यापासून साठ पावलं. गेल्या उन्हाळ्यात मोटर लावली की पहिले काही तास पाणी चांगलं, मग वास. सकाळी बादलीनं शेंदलं तर काहीच नाही. घरातले म्हणाले, तुझ्या नाकाचा दोष.

आधी फिल्टर विकणारा एक जण आला. पेनासारखं यंत्र बुडवलं, टीडीएस 410, घ्या बारा हजारांचं मशीन. त्या पेनाला विरघळलेले क्षार तेवढे कळतात, जंतू कळत नाहीत. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि शहरातल्या एका लहान प्रयोगशाळेला फोन केला.

सातला येतो म्हणालेला पोरगा साडेनऊला आला. खरं आला तो कामाचा निघाला. पहिला प्रश्न, "वैनी, मोटर कालपासून बंद आहे न्हवं?" बाटली भरायच्या आधी त्यानं टेपच्या टोकाला निळा खडू फासला आणि टेप विहिरीत सोडला. वर काढला तर जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत खडूचा रंग गडद. पाणी किती खाली आहे ते असं मोजतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी काढली, मधे खुंट्या ठोकल्या आणि तीन टप्प्यांत नाल्याची पातळी विहिरीपर्यंत आणली. विहिरीतलं पाणी नाल्यापेक्षा वीतभर वर होतं. म्हणजे जमिनीखालनं पाणी आमच्याकडनं नाल्याकडे जातंय. पहिली बाटली तेव्हा भरली.

मग मोटर लावली, पाच एचपीची. सहा तासांनी पाणी नऊ फूट खाली. आता नाला वर, विहीर खाली. उपसा सुरू झाला की विहिरीभोवती जमिनीतल्या पाण्याला नरसाळ्यासारखा खळगा पडतो आणि चारी बाजूंनी पाणी तिकडे ओढलं जातं. तो खळगा नाल्यापर्यंत पसरला की नालाच विहिरीत झिरपायला लागतो. उन्हाळ्यात त्या नाल्यात शहराच्या सांडपाण्याशिवाय असतं काय? दुसरी बाटली तेव्हा भरली. दोन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत, कारण जंतूंची तपासणी 24 तासांच्या आत सुरू व्हायला लागते.

मोटर बंद केल्यावर पाणी चढायला पाहिजे. ते अजून चार बोटं उतरलं. पोरगा म्हणाला, "शेजारची बोर चालू आहे बगा." होतीच. बांधापलीकडच्या भावकीची, रात्रंदिवस. काळ्या खडकात पाणी भेगांतनं पळतं, आणि एकच भेग दोघांना लागली असली तर त्यांच्या उपशानं आमची विहीर उतरते. म्हणजे आम्ही मोटर बंद ठेवूनही नाला आमच्या दिशेनं सरकत राहणार.

रिपोर्टात नायट्रेट दोन्ही बाटल्यांत जवळजवळ सारखं, लिटरमागे 38 आणि 36 मिलिग्रॅम, मर्यादा 45. ते बहुतेक शेतातल्या युरियाचं, सगळीकडनंच येतं, म्हणून उपशानं फारसं बदललं नाही. क्लोराइड मात्र 58 वरनं 141. आकडा 250 च्या आत असल्यानं पिण्याला अडत नाही, खरं नाल्याची चुगली तोच करतो. क्लोराइड माणसाच्या मुतातनं आणि मिठातनं येतं, माती ते धरून ठेवत नाही, वाटेत कुजतही नाही. साधे कोलिफॉर्म, म्हणजे मातीत, पाल्यात, विष्ठेत असणारे जंतू, दोन्हीत होते. उघड्या विहिरीत माती-पाचोळा पडतो, त्यात नवल नाही. ई. कोलाय, म्हणजे माणसा-जनावरांच्या विष्ठेतला जंतू, फक्त दुसऱ्या बाटलीत. तो 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. एकच बाटली सकाळी भरून दिली असती तर त्याचा पत्ताच लागला नसता.

आता तक्रारी. रिपोर्ट पाच दिवसांत म्हणाले, अकराव्या दिवशी मिळाला, तोही नुसता इंग्रजीत. बेळगावात राहून कानडी नाही, मराठी नाही, शेतकऱ्यानं काय करायचं? त्या पोरानं फोनवर अर्धा तास समजावलं म्हणून निभावलं. 3,200 ठरले होते, वर गाडीखर्च म्हणून 200 मागितले.

आता आम्ही दोन तास उपसतो, पाणी चढू देतो, परत दोन तास. वास गेलाय. प्यायला मात्र नळाचंच. नवा शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घेणार होतो, तोही थांबवलाय. उतार जमिनीचा बघून भागत नाही, खालच्या पाण्याचा बघायला लागतो आणि तो मोटरीबरोबर फिरतो. भावकीशी पाळी लावायचं बोलणं चाललंय, गणपतीपर्यंत ठरलं तर नशीब.

त्यांना बोलावणार असाल तर टेपवाला येणार काय ते आधी विचारून घ्या. श्रावणात नाला भरला की मी परत बोलावणार आहे. तेव्हा नाला मोटरीशिवायच विहिरीपेक्षा वर असतो.