‘माप्पिळ्ळै’ की ‘जमाई राजा’? आईबरोबर बघायचा असेल तर

सासू-जावयाच्या भांडणाचा, चार माणसांत बसून बघता येईल असा सिनेमा हवा असला की एकच गोष्ट दोन भाषांत समोर येते. रजनीकांतचा तमिळ ‘माप्पिळ्ळै’ १९८९चा आणि अनिल कपूर-माधुरीचा ‘जमाई राजा’ १९९०चा. दोन्हींचं मूळ एकच, चिरंजीवीचा ‘अत्तकु यमुडु अम्मायिकि मोगुडु’ हा तेलुगू सिनेमा. गर्विष्ठ श्रीमंत सासू, तिला न जुमानणारा जावई आणि दोघांत कुचंबणारी लेक. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, तेव्हा ती सांगत बसत नाही. मी दोन्ही आईबरोबर पाहिले. आधी हिंदी, मग काही महिन्यांनी तमिळ.

हिंदीच्या बाजूने बोलायचं तर सोय मोठी आहे. उपशीर्षकं वाचायला नकोत, भाजी निवडता निवडता नुसतं कानावर पडलं तरी चालतं. माधुरी आहे. सासूच्या भूमिकेत हेमामालिनी आहे, आणि ती मुळात तमिळच, त्यामुळे तिचा ताठा उसना वाटत नाही. घरात डोळ्यांचा त्रास असलेलं किंवा भरभर वाचता न येणारं कुणी असेल, तर मी हट्ट धरणार नाही. खुशाल हिंदी लावा.

पण हिंदी पाहताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. तेव्हा ती नेमकी काय हे सांगता आलं नव्हतं, तमिळ पाहिल्यावर कळलं. ती गोष्ट म्हणजे नात्यांचे शब्द.

हिंदीत ‘जमाई’ म्हणजे जावई, तेवढंच. तमिळमध्ये ‘माप्पिळ्ळै’ म्हणजे जावई आणि नवरदेवही. शिवाय मित्र मित्राला, मेहुणा मेहुण्याला लाडाने हीच हाक मारतो. एकाच शब्दात मान आहे आणि खांद्यावर हात टाकणंही आहे. घरजावयाला तिथे ‘वीट्टोड माप्पिळ्ळै’ म्हणतात, म्हणजे घराबरोबरचाच जावई, आणि त्यात आपल्या ‘घरजावई’इतकाच चिमटा असतो. (‘ळ’ आपल्याकडे आहे, हे बरं. मराठी माणसाला हा शब्द नीट म्हणता येतो.)

खरी गंमत सासूच्या हाकेत आहे. तमिळमध्ये वडिलांची बहीण ‘अत्तै’, बऱ्याच घरांत मामाची बायकोही ‘अत्तै’, आणि सासूही ‘अत्तै’. आते-मामे भावंडांची लग्नं लावायची जुनी रीत असल्यामुळे हे शब्द एकमेकांत मिसळून गेले. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, म्हणून तिला ‘मुऱैप्पोण्णु’ असा वेगळा शब्दही आहे.

माझी आई मंगळवेढ्याकडची. तिच्या पिढीतल्या बायका सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणायच्या आणि सासूला ‘आत्याबाई’. तमिळ सिनेमा लावला तेव्हा पहिला अर्धा तास मी तिला इंग्रजी उपशीर्षकं मराठीत सांगत होतो. मग ‘अत्तै’ कानावर पडलं आणि तिने मला हातानेच थांबवलं. म्हणाली, “हा सासूला आत्याच म्हणतोय की.” पुढे नात्यांच्या हाका तिने स्वतःच ओळखल्या. मी फक्त अडलेल्या ठिकाणी बोललो.

या एका हाकेने अख्ख्या भांडणाचा रंग बदलतो. ज्या बाईशी वैर, तिलाच ‘आत्या’ म्हणायचं. म्हणजे कितीही बिनसलं तरी दार पूर्ण लागत नाही. हिंदीत सासूला हाक मारायची तर ‘सासू माँ’ किंवा ‘मम्मीजी’. त्यात आदर आहे, पण जुनं नातं नाही. त्यामुळे हिंदीत मला ते भांडण श्रीमंत विरुद्ध गरीब असं वाटत राहिलं, तमिळमध्ये ते घरातलं वाटलं. विनोदी कौटुंबिक सिनेमात हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कुणाला इतका वाटणार नाही, हेही मान्य.

तमिळ जास्त आवडण्याचं दुसरं कारण म्हणजे त्यातली सासू, अभिनेत्री श्रीविद्या. रजनीकांतच्या पहिल्या सिनेमात, १९७५च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये, ती त्याची बायको होती. ‘माप्पिळ्ळै’त सासू आणि १९९१च्या ‘दळपती’त आई. एका नटाची बायको, सासू आणि आई, तीही सोळा वर्षांत! गायिका एम. एल. वसंतकुमारींची ही लेक डोळ्यांनी इतकं बोलते की जावयाइतकंच लक्ष तिच्याकडेही जातं.

एक दोष मात्र दोन्हीकडे आहे आणि तो लपवू नये. कर्तबगार बाईची खोड मोडणं हाच इथे विजय मानलेला आहे. आज ते खटकतं, आईलाही खटकलं. श्रीविद्यामुळे तमिळमध्ये सासूची बाजू थोडी तरी जड राहते, असं माझं मत.

२०११मध्ये धनुष आणि मनीषा कोईराला यांना घेऊन ‘माप्पिळ्ळै’ पुन्हा आला. धनुष तेव्हा प्रत्यक्षातही रजनीकांतचा जावई होता, त्यामुळे बघायची उत्सुकता वाटणं साहजिक आहे. पण पहिल्यांदाच बघणार असाल तर जुन्यापासूनच सुरुवात करा.

जुना सिनेमा आला तो १९८९च्या दिवाळीत. लग्नानंतरची पहिली दिवाळी, ‘तलै दीपावळि’, तमिळ जावई सासुरवाडीला साजरी करतो. आपल्या दिवाळसणासारखीच. तेव्हा जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत, लेक-जावई घरी आलेले असताना लावा. उपशीर्षकं इंग्रजी असतील तर ती मोठ्याने मराठीत सांगायला एकजण आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे ते काम अर्ध्या तासात जवळजवळ संपलं.