स्माइटमधली नीथ: अल्टी सोडली तर पैसा वसूल

बाण सोडला एका अर्धमेल्या हंटरवर (दुरून मारणारा, नाजूक), लागला त्यांच्या धडधाकट टँकला (मार झेलणारा). स्माइट या देवांच्या ऑनलाइन लढाईच्या गेममध्ये नीथ ही बाण मारणारी देवी घेणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हे आहे. तिची अल्टी, म्हणजे सगळ्यात मोठी चाल, 'वर्ल्ड वीव्हर' भिंतींतून आरपार जातो, पण वाटेत पहिला जो शत्रू-देव सापडेल त्याच्यावरच फुटतो. त्यात नेम धरेपर्यंत समोरचा सावध होतो. एजिस (क्षणभर मार न लागू देणारी वस्तू) घेतलेला असेल तर तेवढ्यात बटण दाबून मोकळा, आपली अल्टी पाण्यात.

सुरुवातीला मी फक्त अल्टीकडे पाहून हिला सामान्य ठरवलं होतं. ते मत आता बदललंय, आणि त्याचं कारण तिसरं बटण, बॅकफ्लिप.

बॅकफ्लिप मारली की नीथ मागे उडी घेते, जवळचे शत्रू मंदावतात आणि उडीच्या जागी जमिनीवर एक तुटलेली वीण उरते. पाठलाग करणारा नेमका तिथेच असतो. लगेच त्या विणीवर स्पिरिट अ‍ॅरो मारा: वीण फुटते, आसपासचे सगळे जागच्या जागी रूट, म्हणजे खिळलेले. मग निवांत साधे बाण चालवा. घाई झाली तर अ‍ॅरो विणीच्या बाजूने जातो, म्हणून उडी पूर्ण होऊ द्या, खाली टेकल्यावरच नेम धरा. नवखे बॅकफ्लिप लेनमध्ये मिनियन (गेमचे छोटे सैनिक) मारताना उधळतात आणि जंगलर (जंगलातून अचानक येणारा शत्रू) आला की मरतात. ती राखून ठेवा. शत्रू-देव मेला की त्याच्या जागीही वीण पडते; टीमफाइटमध्ये ती फुकटची दुसरी संधी. 'अनरॅव्हल' या चालीने थोडं आयुष्य परत मिळतं आणि शत्रूच्या माऱ्याचा वेगही घटतो, त्यामुळे हंटर विरुद्ध हंटर असताना ते आधी टाका.

मूळ देवीशी ताडून पाहिलं तर गेमवाल्यांनी बरंच नीट उचललंय. प्राचीन इजिप्तमधल्या सैस शहराची नीथ युद्धाची आणि विणकामाचीही. तिचं चिन्ह ढाल आणि त्यावर आडवेतिडवे दोन बाण. गेममध्ये बाण आले, वीण आली, ढाल मात्र गाळली. म्हणूनच ही इतकी नाजूक, सपोर्ट (सांभाळणारा साथीदार) बाजूला सरकला की संपली. इजिप्तचा राजा तुतनखामूनच्या थडग्यात त्याच्या शरीरातून काढलेल्या अवयवांच्या पेटीचं रक्षण करणाऱ्या चौघी देवींपैकी ही एक, आणि इथे स्वतःचंच रक्षण होत नाही!

अल्टीचं दुखणं तर जास्तच खुपतं. इजिप्तच्या पुराणात होरस आणि सेत या देवांचा गादीचा तंटा 80 वर्षं सुटेना, तेव्हा देवांनी नीथला पत्र धाडलं. तिचं उत्तर आलं: गादी होरसला द्या, नाहीतर मी संतापेन आणि आभाळ जमिनीला टेकेल, सेतला अनात आणि अस्तार्ते या देवी देऊन टाका. बसल्या जागेवरून अचूक नेम, मध्ये कुठला टँक नाही.

पहिल्या स्माइटमध्ये नीथ सुरुवातीच्या फुकट देवांत मिळते, तेव्हा घेऊन बघायला काहीच जात नाही. जेम्स (गेममधलं चलन) मात्र तिच्या स्किन्सवर (नुसत्या वेगळ्या रूपांवर) उडवू नका. अल्टी तीच राहते.