ईसीसीवरून एस-४ हानावर: एका सल्लागार संस्थेच्या सेवेचा अनुभव

चाकणच्या आमच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या एसएपी ईसीसीची, म्हणजे हिशेब, खरेदी आणि साठा सांभाळणाऱ्या जुन्या संगणकप्रणालीची, एसएपी कंपनीकडून होणारी नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपणार आणि त्यापुढे २०३० पर्यंत ती हवी असल्यास जादा पैसे मोजावे लागणार, म्हणून एस-४ हाना या त्याच कंपनीच्या नव्या प्रणालीवर जाण्याचे काम आम्ही पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेला दिले.

पहिल्याच बैठकीत संस्थेने ग्रीनफील्डचा, म्हणजे कोऱ्या पाटीवर सगळी मांडणी नव्याने करण्याचा, आग्रह धरला. तिचे बिलही त्यातच मोठे होणार होते, हे सांगायला हवे. जॉबवर्कची चलाने आणि २०१७ नंतर जीएसटीसाठी घासूनपुसून बसवलेले झेड-प्रोग्राम, म्हणजे आमच्या गरजेप्रमाणे वेगळे लिहून घेतलेले प्रोग्राम, आमच्याकडे नीट चालत होते. ते मोडून पुन्हा उभे करण्यात आम्हाला अर्थ दिसला नाही, म्हणून आम्ही आहे तीच प्रणाली रूपांतरित करणारा ब्राउनफील्डचा मार्ग धरला. निवडक विदा (डेटा) नेण्याचा तिसरा पर्याय कंपन्या जोडणाऱ्या किंवा तोडणाऱ्यांच्या कामाचा. एका कारखान्याला त्याची गरज नव्हती.

आग्रह मोडला तरी संस्थेने पूर्वतपासणी मन लावून केली आणि वर्षानुवर्षे कोणी न चालवलेले प्रोग्राम वापराच्या नोंदी दाखवून बाद केले.

खरी तक्रार आहे ती बिझनेस पार्टनरबद्दल. एस-४ मध्ये ग्राहक आणि पुरवठादार यांची जागा बिझनेस पार्टनर घेतो आणि त्या नोंदी आधी तयार केल्याशिवाय रूपांतर पुढे सरकत नाही. भोसरीचा एक प्लेटिंगवाला आमचे काम करतो आणि आमचे भंगारही विकत घेतो, त्यामुळे तो दोन्हीकडे होता. एका नोंदीत त्याच्या जीएसटी क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडलेला असल्याने दोघे एकच आहेत हे यंत्राला कळेना. अशा नोंदी निवडण्यात आमच्या लेखा विभागाचे तीन महिने गेले, आणि प्रस्तावात या कामाला जेमतेम एक ओळ होती. पुढच्या वेळी ते कोणी करायचे, हे मी करारातच लिहून घेईन.

दोन रंगीत तालमी झाल्यामुळे प्रत्यक्ष बदल शनिवार-रविवारात उरकला. वित्त आणि कॉस्टिंगच्या नोंदी आता एकाच तक्त्यात पडत असल्याने महिनाअखेरीचा दोन्हींचा ताळमेळ संपला आहे. स्टोअरमधली मंडळी मात्र फिओरी या एसएपीच्या नव्या धाटणीच्या पडद्यांकडे न फिरकता जुन्याच पडद्यावर माल जमा करतात, आणि तिथेही काही अडत नाही.