कल्हई कोणाकडून करून घ्यावी: दारावर, दुकानात की घरपोच?

पितळी पातेल्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, करून घ्यायचे आज तीन मार्ग आहेत: दारावर येणारा कल्हईवाला, भांड्यांचे दुकान, आणि फोन केल्यावर भांडी उचलून नेऊन काही दिवसांनी परत आणून देणारी सेवा. निकाल आधीच सांगून टाकू. डोळ्यांसमोर होते ती दारावरची कल्हई पहिली, ज्याची भट्टी पाहता येते ते दुकान दुसरे, घरपोच सेवा तिसरी. कल्हईत जे बिघडते ते काम चालू असतानाच दिसते. झाल्यावर त्या दिवशी सगळीच भांडी चांदीसारखी दिसतात.

सर्वांत जास्त चालढकल होते ती भांडे भट्टीवर जाण्याआधी. तेलाचा चिकट थर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने निघतो, हिरवा-काळा गंज पातळ आम्लाने. दोन्हीनंतर भांडे भरपूर पाण्याने खळखळून धुवावे लागते. पूर्वी भांड्यात वाळू आणि चिंध्या घालून, आत उभे राहून, पायांनी गोल फिरत घासत. दमछाक व्हायची, पण धातूचा मूळ रंग सगळीकडे सारखा उघडा पडायचा. खूण आजही तीच आहे. काठाच्या वळणाखाली आणि कड्यांच्या रिबिटांभोवती जरा जरी काळपट राहिले, तरी तिथे कथील धरत नाही, आणि पुढे आमटी कळकायला, म्हणजे उघड्या पितळेला लागून बिघडायला, सुरुवात होते ती त्याच जागेपासून. म्हणून भांडे भट्टीवर चढण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. जो घेतो त्याच्याकडून भांडे परत घेतलेले बरे.

पोचे काढायचे असतील तर तेही आधीच. कल्हईनंतर ठोकले तर मऊ कथलाचा थर खरवडतो आणि पातळ होतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी ठोक्याचे काम करणारे हात अजून आहेत. जुने जाड पातेले फारच चेपले असेल तर आधी तिकडे, मग कल्हईला. तोटी, कडी किंवा बुडाचे ठिगळ डाखाने, म्हणजे वितळवलेल्या जोडधातूने, बसवलेले असेल तर ते न विसरता सांगा. भट्टीवर डाख सुटतो आणि मग भांडण होते.

आता मुख्य काम, म्हणजे ताप. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर पितळ वितळायला साधारण ९०० च्या पुढे जावे लागते. भांडे लालबुंद करायची गरजच नसते. जाणकार माणूस भांडे सांडशीत धरून सतत फिरवत ठेवतो आणि मधून मधून कथलाची कांडी टेकवून बघतो. कांडी लगेच ओघळली की ताप झाला. मग नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूटभर पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि कापसाच्या बोळ्याने कथील बुडापासून काठाकडे पुसत नेतो. तापलेल्या नवसागरातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकते आणि त्या उघड्या धातूला कथील चिकटते. पूड कोरडी हवी. दमट पूड तापलेल्या धातूवर उडते आणि एके ठिकाणी गोळा होऊन डाग पाडते. हा धूर घशाला झोंबतो, त्यामुळे मुलांना आणि दम्याच्या माणसांना धूर वाहत येतो त्या बाजूला उभे करू नका.

ताप कमी पडला तर कथील पसरत नाही. त्याच्या गुठळ्या होतात, बोळ्याबरोबर ओढले जाते आणि मागे खवल्यांसारखा थर उरतो. नखाने निघतो तो हाच. ताप जास्त झाला तर थर पिवळट होतो आणि मग राखाडी पडतो. आणखी तापले तर पितळेतले जस्त उडू लागते आणि पातळ भांड्याचे बूड वाकते. मोठे भांडे एकदम सगळीकडे सारखे तापत नाही, त्याला भागाभागाने कल्हई करावी लागते: आधी बूड, मग अंग, शेवटी काठ. हंड्यासारख्या भांड्याला एकटा माणूस घाई करत असेल तर बुडाला जाड आणि काठाला नुसता पुसट थर मिळणार हे धरून चाला. शेवटी पाण्यात बुडवायचे ते थर थिजल्यावर. आधीच बुडवले तर आत लाटा आणि थेंब गोठतात.

पैसे खरे कुठे वाचवले जातात ते कथलात. कथील तांब्याहूनही महाग, शिसे त्याच्या मानाने कवडीमोल, आणि दोन्हींचे मिश्रण शुद्ध कथलापेक्षा कमी तापाला वितळते, म्हणून वापरायलाही सोपे. पण शिसे पोटात जाता कामा नये, इथे तडजोड नाही. नुसत्या डोळ्यांनी कल्हईतले शिसे ओळखता येते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कांडीची परीक्षा मात्र थोडीफार करता येते. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की बारीक चुरचुर आवाज येतो. शिशाचे प्रमाण वाढले की तो मंदावतो. कांडी कागदावर ओढल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर संशय घ्यावा. सोल्डरच्या तारेचे रीळ बाहेर आले तर काम तिथेच थांबवा. दारावरच्या कल्हईला पहिला नंबर दिला तो मुख्यतः यासाठी, कारण कांडी तुमच्यासमोर असते. घरपोच सेवेत ती दिसतच नाही. तिथे निदान कथील कुठल्या शुद्धतेचे वापरता हे लेखी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ‘आम्ही उत्तम दर्जाचे मटेरियल वापरतो’ हे त्याचे उत्तर नव्हे.

घरपोच सेवेची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. आम्लाने धुण्याचे काम ज्यांच्याकडे हौदात होते, त्यांची सफाई रस्त्याकडेच्या कामापेक्षा सरस असते. फ्लॅटच्या आवारात भट्टी लावू देत नसतील तर दुसरा पर्याय उरतही नाही. भांडी देण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा आणि वजन करून घ्या. पितळेची जुनी भांडी बदलली गेली तर वजनावरून लगेच कळते.

दुकानातून ‘कल्हईसह’ मिळणारे नवे भांडे हा वेगळाच प्रकार. हातकल्हईत पुसल्याच्या रेषा दिसतात, रंग किंचित दुधाळ असतो. आत आरशासारखा कडक चकाकणारा थर असेल तर तो कसला आहे ते विचारून घ्या, कारण निकेलचा मुलामाही असाच दिसतो.

भांडे हातात आले की आधी उजेडाकडे धरून आत बघा. पिवळा किंवा तांबूस ठिपका दिसला तर तिथे कल्हई नाही, पुन्हा करून मागा. बोटाने चाचपून गुठळ्या बघा. मग साबणाने धुऊन त्यात पाणी उकळून ओतून द्या, म्हणजे उरलेला नवसागर निघून जातो. तो राहिला तर दोन-चार दिवसांत हिरवट डाग उठतात आणि दोष कल्हईला दिला जातो. पहिल्याच दिवशी ताक, आमसूल, चिंच किंवा टोमॅटो नको.

वापरताना ते २३२ अंश लक्षात ठेवा. रिकामे पातेले गॅसवर विसरले तर काही मिनिटांत आतले कथील वितळून बुडाशी गोळा होते, आणि ही चूक कल्हईवाल्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. फोडणी करायची तर आधी तेल, मग मंद आच. धूर येईपर्यंत तापवायचे काम लोखंडी कढईचे. तारेची घासणी, राख आणि पितळ उजळायची पावडर आतून अजिबात लावू नका. चिंच-मीठ फक्त बाहेरून. करपले तर गरम पाणी भरून ठेवा आणि लाकडी उलथन्याने सोडवा.

रोज आमटी-भाजी शिजणाऱ्या पातेल्याला वर्षातून दोनदा कल्हई लागते, सणासुदीला निघणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांतून एकदा. तारखेपेक्षा बूड बघा: पळी फिरते तिथे पहिल्यांदा पिवळे दिसू लागते, आणि ते रुपयाच्या नाण्याएवढे झाले की आंबट पदार्थ त्या भांड्यात बंद. पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा किंवा काशाच्या ताटवाट्या कल्हईला देत नाहीत. दर भांड्याच्या आकारावर ठरतो, तेव्हा भाव करताना आतून आणि काठासकट असे स्पष्ट बोलून घ्या. नाहीतर काठाचे दोन बोटे पितळ तसेच उघडे परत येते.